हिंगोलीचा हरिसिंग आणि माफीचे साक्षीदार

कळमनुरीपासून हिंगोली जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. बाजार भरलेला, पहारे चोख आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. या छावणीत हरिसिंग नावाचा एक मोठा व्यापारी राहत असे. गोरे अधिकारी त्याच्याकडून माल घेत. निजामाच्या फौजेतला तरुण अधिकारी फिलिप मेडोज टेलर हाही त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक. टेलरने पुढे १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्या प्रस्तावनेत हरिसिंगाची हकीकत नोंदवून ठेवली. जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे हरिसिंगाने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला आणि तो त्याला मिळाला. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी नेमका त्याच वेळी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, हे हरिसिंगाला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत ठार केले, त्यांचा माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात राजरोस विकला. कोणाला संशयही आला नाही. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे कबूल केले, तेही एखादी मर्दुमकी सांगावी तसे. तोवर छावणीचा हा प्रतिष्ठित व्यापारी त्या टापूतल्या ठगांचा म्होरक्या होता आणि ते कोणालाच माहीत नव्हते.

ही गोष्ट सहसा मुखवट्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते: वरून सावकार, आतून खुनी. पण तिच्यातला खरा धडा माणसाच्या दुटप्पीपणाचा नाही, तो सरकारच्या विश्वासाचा आहे. हरिसिंगाला लपण्यासाठी जंगल लागले नाही, परवान्याचा कागद पुरला. आणि तो पडला तेव्हाही छावणीच्या पहाऱ्याने त्याला पकडून दिले नाही. ठगांच्याच टोळ्यांतून फुटलेल्या माफीच्या साक्षीदारांनी ते काम केले. एका गुन्हेगारावर सरकारने न पडताळता विश्वास ठेवला आणि माणसे मेली. दुसऱ्या गुन्हेगारांच्या शब्दावर विश्वास ठेवताना सरकारने जमीन खणून पाहिली आणि सत्य बाहेर आले. माझे म्हणणे एवढेच आहे की, खबऱ्याचा शब्द न्यायाच्या कामी येतो तो पडताळणीमुळे, आणि पडताळणी सुटली की तोच शब्द निरपराधांच्या मुळावर येतो. ठगांच्या बंदोबस्ताचा पुढचा सारा इतिहास या एका वाक्याच्या दोन्ही बाजू दाखवतो.

असा माणूस इतकी वर्षे निर्धास्त कसा राहू शकला, हे समजण्यासाठी तेव्हाच्या वाटा डोळ्यांसमोर आणायला हव्यात. रेल्वे नव्हती. मुंबई, औरंगाबाद, अमरावती, नांदेड, हैदराबाद या पेठांमधला प्रवास पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने आठवडेच्या आठवडे चाले. सावकारांचा ऐवज, रजेवर निघालेल्या शिपायांचा साठलेला पगार, यात्रेकरूंची शिदोरी हे सारे याच वाटांनी जाई. एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा सोबत बरी म्हणून अनोळखी माणसांत मिसळणे ही प्रवासाची रीतच होती, आणि ठगांचा सारा धंदा या रीतीवर उभा होता. त्यांच्यातला सोथा गोड बोलून वाटसरूला सोबतीत ओढे, भुर्तोट रुमालाने गळा आवळी, लुगाई आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात प्रेते पुरी. दख्खनेत त्यांना फाशीगरही म्हणत. मेलेला माणूस घरापासून शेकडो कोसांवर असे, त्याची वाट पाहणाऱ्यांना तो नेमका कुठे नाहीसा झाला हे कळत नसे, आणि ज्या गावच्या हद्दीत तो पुरला गेला तिथे त्याची फिर्याद करणारे कोणी नसे. कंपनी सरकारला याची कुणकुण नव्हती असे नाही. १८१० सालीच जनरल सेंट लेजर याने शिपायांना हुकूम काढून बजावले होते की, वाटेत अनोळखी लोकांची सोबत धरू नका आणि रोकड जवळ बाळगण्याऐवजी हुंडी करा. पण हुकूम निघाला म्हणजे तपास झाला असे नव्हे.

त्यात हद्दींची गुंतागुंत. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला. कळमनुरी-हिंगोलीचा मुलूख आणि पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड निजामाचा, वर्धा नदीच्या पूर्वेला नागपूरकर भोसले, आणि उत्तरेला शिंदे-होळकरांचा माळवा. खून एका राज्यात, मालाची विक्री दुसऱ्यात आणि टोळीचे घर तिसऱ्यात, असे असताना कोणत्याही एका कोतवालाला पूर्ण गुन्हा दिसणेच शक्य नव्हते. अशा प्रदेशात ओळख पटवण्याचे साधन म्हणजे कागद: कोणाची चिठ्ठी, कोणाची शिफारस, कोणाचा राहदारीचा परवाना. कागद ज्याच्या हाती त्याची चौकशी होत नसे. हरिसिंगाने हेच ओळखले होते. त्याच्या कारस्थानात रुमालाइतकाच परवान्याचा वाटा होता, किंबहुना जास्तच, कारण रुमालाने माणूस मरतो, पण त्याचा माल भर बाजारात विकण्याचे धाडस परवानाच देतो. टेलर लिहितो की, छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत या माणसाने अनेकांचे जीव घेतले आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. पहारा होता, पण तो बाहेरून येणाऱ्या शत्रूकडे पाहत होता, आतल्या सभ्य माणसाकडे नव्हे.

ही भिंत फुटली ती सागर-जबलपूरकडून. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पकडलेल्या ठगांना जीवदान देऊन त्यांच्याकडून साथीदारांची नावे काढण्याची पद्धत नेटाने राबवली. त्याचा सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार फिरंगिया. हा जातीने ब्राह्मण, ठगांचा नावाजलेला जमादार, आणि मधल्या काळात राजपुतान्यात सर डेव्हिड ऑक्टरलोनीच्या पदरी हरकाऱ्यांचा जमादार म्हणून राहिलेला. म्हणजे सरकारच्या बातम्या आणणे-नेणे ज्याच्या हाताखाली चाले तोच वाटसरूंचे गळे आवळणाऱ्यांचा पुढारी, आणि तोच पुढे सरकारचा साक्षीदार. स्लीमनने आधी त्याच्या घरची माणसे ताब्यात घेतली आणि १८३० च्या अखेरीस तो स्वतः हाती लागला. जीव वाचवण्याच्या बोलीवर त्याने जे सांगितले त्यावर स्लीमनचाही विश्वास बसेना. तेव्हा सलोहदा गावच्या आमराईत, जिथे स्लीमनचा तंबू पडला होता, तिथेच फिरंगियाने जमीन खणायला लावली. १८१८ साली मारलेल्या एका पंडिताची आणि त्याच्या सहा सोबत्यांची हाडे तंबूच्या दोरांपाशी निघाली. फिरंगियाच्या वचनाला वजन आले ते त्या हाडांमुळे, त्याच्या शपथेमुळे नव्हे.

सागरच्या जबान्यांतून निघालेले धागे दख्खनेत आले आणि हिंगोलीच्या छावणीपर्यंत पोचले. तिथल्या तपासात टेलरने स्वतः होऊन भाग घेतला. दिवसामागून दिवस तो जबान्या टिपून घेत होता. नवा साक्षीदार आला की जुन्या खुनाचा एखादा दुवा जुळे आणि नवा खून उघड होई. तुळजापूर-नळदुर्गकडे काम करत असताना त्याला ज्यांचा संशय आला होता त्यांतली बहुतेक नावे ठगांच्या एका यादीत त्याला पुन्हा सापडली. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, एकमेकांशी संपर्क नसताना आलेली माहिती जुळली, हाच त्या यादीचा खरा आधार. आणि हिंगोलीच्या छावणीभोवतीचे खड्डे साक्षीदारांनी एकेक करून थंडपणे दाखवले तेव्हा ते उकरताना टेलर हजर होता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते होती. हरिसिंगाची प्रतिष्ठा त्या खड्ड्यांत संपली. त्याचा परवाना खोटा ठरवणारा दुसरा कागद कोणाकडेच नव्हता, पण खोटा ठरवणारी जमीन होती.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ठग ही इंग्रजांनीच रंगवलेली कल्पना होती, असे काही इतिहासकार म्हणत आले आहेत. हिरालाल गुप्ता यांनी १९५९ मध्ये स्लीमनच्या चित्राविषयी शंका घेतली. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्यातल्या लूटमारीची सांगड तिथल्या राजकीय अस्थिरतेशी घातली. राधिका सिंघा यांनी या मोहिमेतून कायद्यात काय काय बदलले हे दाखवून दिले. फाशी समोर दिसत असताना कैदी साहेबाला हवे तेच सांगणार, आणि साहेबाला हवी होती एक प्राचीन, धार्मिक, भवानीच्या नावाने खून करणारी गुप्त जमात. मग अशा जबान्यांवर उभा राहिलेला इतिहास किती खरा? हा प्रश्न योग्यच आहे आणि त्याच्या निम्म्या उत्तरात आक्षेप मान्यच करावा लागतो. ठगांचा धर्म, त्यांची हजारो वर्षांची परंपरा, देशभर पसरलेले त्यांचे एकच गुप्त मंडळ, हा भाग बराचसा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातून आलेला आहे. आकड्यांचेही तेच. बेहराम नावाच्या ठगाच्या नावावर ९३१ खून लावले जातात. पण ज्या जबानीतून हा आकडा आला तीत ते खून त्याच्या हजेरीत झाले असे आहे, आणि स्वतःच्या हातांनी त्याने दुसऱ्या एका जबानीत सुमारे १२५ च सांगितले. पहिला आकडा चमकदार म्हणून टिकला. खबऱ्याचा शब्द तपासला नाही की तो असा फुगत जातो.

पण उत्तराचा उरलेला अर्धा भाग तितकाच ठाम आहे. गॉर्डन किंवा सिंघा यांच्या अभ्यासातून वाटसरूंचे खून झालेच नाहीत असे सिद्ध होत नाही. किम वॅग्नर यांनी २००७ च्या ग्रंथात हीच तारतम्याची भूमिका घेतली: कल्पनारंजन बाजूला काढा, पण खुनी टोळ्यांचे अस्तित्व नाकारू नका. हिंगोलीच्या खड्ड्यांतली प्रेते कोणत्याही साहेबाने आपल्या कल्पनेतून तिथे पुरलेली नव्हती. साक्षीदाराने बोट दाखवावे, तिथे खणावे आणि तिथेच मृतदेह सापडावेत, यात देवीची कथा खरी की खोटी याचा काही संबंध नाही. म्हणून ठगांच्या जबान्यांचे वाचन दोन रांगांत करावे लागते. जे हाडांनी, मालाने, दोन स्वतंत्र जबान्यांच्या मेळाने पक्के झाले ते एका रांगेत. जे केवळ सांगण्यावर उभे आहे ते दुसऱ्या रांगेत. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी ही शिस्त पाळली नाही तर एकतर आपण स्लीमनचे भाट होऊ, नाहीतर वाटेत मारल्या गेलेल्या त्या नावगाव हरवलेल्या माणसांचे मरण नाकारणारे होऊ. दोन्ही मला मान्य नाही.

आता या गोष्टीची दुसरी, अधिक दुःखद बाजू. यश मिळाले तसे सरकारचा पडताळणीवरचा भर सुटत गेला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरवले की, कोणी कधीही, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप आणि सक्तमजुरी द्यावी. अमुक खून, अमुक दिवस, अमुक प्रेत दाखवण्याची गरज उरली नाही, आणि कायदा होण्यापूर्वीच्या काळालाही तो लागू होता. पुढच्या वर्षी आणखी एका कायद्याने गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला साक्षीसाठी अपात्र ठरवणे बंद केले. म्हणजे आधी गुन्हा सिद्ध करण्यासाठी साक्षीदार लागे आणि त्याचा शब्द तपासण्यासाठी जमीन लागे. आता टोळीतले असणे हाच गुन्हा झाला आणि कोण टोळीतले हे सांगायला साक्षीदाराचे बोट पुरले. टेलरने दिलेल्या तक्त्याप्रमाणे १८३१ ते १८३७ या काळात ४१२ जणांना फाशी झाली, १,०५९ जणांना पेनांग वगैरे ठिकाणी काळ्या पाण्यावर धाडले आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. फाशी गेलेल्यांपेक्षा साक्षीदार जास्त! जिवंत राहण्याचा मार्ग दुसऱ्याचे नाव घेण्यातून जातो तेव्हा किती नावे भीतीने आणि किती जुन्या वैराने घेतली गेली असतील, हा विचार कोणाही न्यायप्रिय माणसाला अस्वस्थ करील.

त्याहून दूरगामी गोष्ट म्हणजे, स्लीमनने साक्षीदारांच्या सांगण्यावरून ठगांच्या वंशावळ्या मांडल्या. साक्षीदारांना सोडले नाही. जबलपूरला त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली आणि तिथे त्यांनी व त्यांच्या मुलांनी तंबू आणि गालिचे विणले. बापाचा गुन्हा मुलाच्या राहण्याला, लग्नाला, हालचालीला चिकटला. याच विचाराचा मोठा विस्तार म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल बसला. पारधी, कैकाडी, रामोशी, भामटा अशा जमातींतली माणसे जन्मतःच संशयित ठरली, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात राहिली, हजेऱ्या देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, पण त्याची छाया आजही पारध्यांच्या पालांवर पडते. हिंगोलीच्या खड्ड्यापाशी जे साधन सत्य शोधत होते, त्याच साधनाची पडताळणी सुटल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले.

यावर कोणी म्हणेल की, साक्षीदार फोडल्याशिवाय ठगांच्या टोळ्या मोडल्याच नसत्या. प्रेते पुरलेली, फिर्यादी नाही, डोळ्यांनी पाहणारे सगळे गुन्ह्यात सामील. मग सरकारने करावे तरी काय? हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. गुप्त टोळीचा गुन्हा आतला माणूस फुटल्याशिवाय सिद्ध होत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. म्हणूनच माझे म्हणणे खबऱ्या नको असे नाही. खबऱ्याची गरज जितकी अटळ, तितकी त्याच्यावरची तपासणी कडक हवी. गरज आहे म्हणून ढिलाई करायची, हेच हरिसिंगाच्या परवान्यापासून १८३६ च्या कायद्यापर्यंतचे चुकीचे सूत्र होते. अधिकाऱ्याला कापड हवे होते, सरकारला नावे हवी होती. आपल्याला जे हवे ते देणाऱ्याकडे कोणी फार निरखून पाहत नाही.

याच सूत्राचे अलीकडचे रूप अमेरिकेत दिसले. बोस्टनचा टोळीप्रमुख जेम्स ‘व्हायटी’ बल्जर १९७५ पासून केंद्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एफबीआयचा खबऱ्या होता. विरोधी टोळ्यांची माहिती द्यायची आणि त्या बदल्यात स्वतः मोकळे फिरायचे. त्याला हाताळणारा अधिकारीच त्याला सावध करत असे. १९९४ च्या अखेरीस तो पळाला, २०११ मध्ये पकडला गेला, २०१३ मध्ये अकरा खुनांतला त्याचा हात न्यायालयात सिद्ध झाला आणि २०१८ मध्ये तुरुंगात त्याचा खून झाला. आपल्या राज्याला याहून जवळचे उदाहरण डेव्हिड हेडलीचे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत पकडला गेलेला हा माणूस अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झाला, पुढे लष्कर-ए-तैयबासाठी मुंबईची टेहळणी करून गेला, आणि २६ नोव्हेंबर २००८ ला काय झाले ते आपण जाणतो. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्यालाच माफीचा साक्षीदार केले. हेडलीचा अमेरिकी पासपोर्ट आणि हरिसिंगाचा परवाना यांनी एकच काम केले: बाळगणाऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

भारतीय कायदा मात्र ठगांच्या काळातल्या अनुभवातून काही शिकलेला दिसतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने गुन्ह्यातल्या साथीदाराला साक्षीसाठी पात्र मानले, पण त्याच कायद्यातल्या एका उदाहरणात म्हटले की, महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळाल्याखेरीज असा साथीदार विश्वासास अपात्र आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. हा तोल महाराष्ट्राने सर्वांत जवळून पाहिला तो गांधीहत्येच्या खटल्यात. पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या साक्षीला जिथे स्वतंत्र दुजोरा होता तिथे न्यायाधीश आत्माचरण यांनी ती स्वीकारली. विनायक दामोदर सावरकरांच्या बाबतीत तसा दुजोरा नव्हता, म्हणून १९४९ च्या फेब्रुवारीत ते निर्दोष सुटले. निकाल कोणाला रुचो वा न रुचो, त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३८ व्या कलमात तर साथीदाराच्या दुजोरा मिळालेल्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, असे स्पष्ट शब्द आले. जुन्या कलमात दुजोरा नसलेल्या साक्षीवर झालेली शिक्षाही बेकायदा नव्हती. दीडशे वर्षांनी हा एक शब्द बदलला, ही लहान गोष्ट नाही.

ठगी आणि डकैती खाते १९०४ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते आले, म्हणजे आजच्या गुप्तवार्ता यंत्रणेच्या पूर्वजांत हिंगोलीचे साक्षीदार मोडतात. तिथली छावणीही त्याच सुमारास, १९०३ मध्ये मोडली. पण छावणीने मागे ठेवलेला प्रश्न मोडलेला नाही. सरकार ज्याच्यावर विश्वास ठेवते त्याच्या शब्दाखालची जमीन खणून पाहायला सरकारला कोण भाग पाडणार? टेलरच्या काळात ते एखाद्या अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून होते. आज ते काम न्यायालयाचे, वकिलाचे, वार्ताहराचे आणि शेवटी नागरिकाचे आहे. गुप्त माहितीच्या नावाखाली एखाद्याला पकडले किंवा सोडले जाते तेव्हा ‘याला दुजोरा काय?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे गुन्हेगारांची बाजू घेणे नव्हे. हिंगोलीत गाडल्या गेलेल्या वाटसरूंना आणि सोलापूरच्या कुंपणात जन्मलेल्या मुलांना, दोघांनाही न्याय देऊ शकला असता असा तो एकच प्रश्न आहे.